उन्हात घातलेलं गाणं

आश्विनातल्या एका सकाळी मी बायकोचं गाणं उन्हात वाळत घातलं, आणि दुपारी जेवून वर गेलो तर त्याचा द्रोण झाला होता.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमचं दुकान धान्याचं, जुन्नरच्या पेठेत. वाडवडील मारवाडातून आले ते उंटावर बसून की बैलगाडीतून, यावर घरात अजून वाद आहे. पण पाऊस सरला की घरातल्या प्रत्येक चीजवस्तूला ऊन दाखवायचं, यावर मात्र कुणाचा वाद नाही. आम्ही जैन. धान्याला कीड लागली तर ती मारायची सोय नाही, तेव्हा ती लागूच द्यायची नाही, आणि त्याला उपाय एकच, ऊन. तूर, मूग, रिकामी पोती, गाद्या, गोधड्या, सगळं माळवदावर जातं. लहानपणी सर्दी झाली की आईने मलाही तुरीशेजारी बसवलेलं आठवतं.

तर त्या वर्षी फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, गाण्याच्या प्लेटींच्या कागदी पाकिटांवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. धान्यवाल्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? सगळ्या प्लेटी वर नेल्या. बाकीच्या कठड्याच्या कडेने मांडल्या आणि त्यांच्यावर लवकरच सावली आली. बायकोची आवडती प्लेट मात्र मी मधोमध, ऊन भरपूर लागेल अशी, काळ्या घोंगडीवर ठेवली. प्रेमाने ठेवली हो. बाकीच्या प्लेटी माझ्या निष्काळजीपणामुळे वाचल्या आणि ती एक माझ्या प्रेमाने गेली.

ही प्लेट कुठली, तेही सांगतो. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी माल आणायला पुण्याला गेलो असताना मी एक संगीत नाटक पाहिलं. वनात हाकललेली एक राणी, तिला शोधत फिरणारा राजा. तिसऱ्या अंकात राणी नदीकाठी येते आणि पलीकडे ने म्हणून नावाड्याला विनवते. नावाडी म्हणजे राजाच, पण तोंडावर घोंगडी ओढलेली, त्यामुळे ती ओळखत नाही. राणीचं काम करणारा नट असा गायला, असा गायला की लोकांनी ते पद पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. राणी बिचारी रात्रभर त्याच काठावर उभी. मी परत आलो तो दुकानात बसूनही नदीकाठीच होतो. गिऱ्हाईक ज्वारी मागायचं आणि मी बाजरी मापायचो.

पुढे त्याच नटमंडळींच्या आवाजातली त्या नाटकाची पदं प्लेटींवर निघाली. मी कर्ण्याचा फोनो घेतला आणि पुण्याच्या दर खेपेला एखादी प्लेट आणू लागलो. नारायणगावापासून पुढे टांग्याचे हादरे फार, म्हणून प्लेट चुरमुऱ्यांच्या पोत्यात मधोमध खुपसून आणायची. घरी आल्यावर आई आधी चुरमुरे चाळून घ्यायची आणि मग म्हणायची, "तुझं ते तबक यात निघालं बघ."

अशी करता करता जवळजवळ सगळी पदं जमली. मग आमच्या घरात नाटक होऊ लागलं. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकलेली असायची. शिवनेरीमागे उजेड मावळत असायचा, रस्त्यावरची धूळ खाली बसलेली असायची. मी ओसरीवर फोनो मांडायचो, चावी द्यायचो आणि पदांच्या मधली गोष्ट तोंडाने सांगायचो. राजा मीच, प्रधान मीच, वनातला वाघही मीच. वाघ माझा बरा व्हायचा. पद आलं की गप्प बसून टाचणी टेकवायची. कर्ण्यातून आधी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज, आणि त्यातून हळूहळू, दूरच्या गावाहून यावी तशी राणी यायची. आम्ही सगळे तिच्याकडे न बघता कुठेतरी भलतीकडेच बघत बसायचो. अशा वेळी घर जमिनीवर असतं असं मला वाटत नाही.

फक्त एक अडचण होती. प्लेटीच्या शेवटी तो नट आपलं स्वतःचं नाव चांगल्या दणदणीत पुरुषी आवाजात सांगायचा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा पोरं हसून लोळली आणि बायको खट्टू झाली. तेव्हापासून नाव यायच्या नेमकं आधी टाचणी उचलायची, हे माझं काम. माझ्या अंगात एवढी एकच कला आहे.

बायको घोडेगावची. नाटकाचा तंबू तिने बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही. आमच्या बायकांना ती चालच नव्हती. पण राणी नावाड्याला विनवते ते नावाड्याचं पद लागलं की तिच्या हातातलं काम थांबायचं. निवडता निवडता तांदूळ तसाच चिमटीत राहायचा.

आणि त्या वर्षी तिने तेच सोडलं.

चातुर्मासात आवडीची एखादी गोष्ट सोडायचा नेम आमच्यात घेतात. आषाढात गावात मुक्कामाला आलेल्या महाराजांपुढे बायका हात जोडून बसल्या. कुणी तूप सोडलं, कुणी गूळ. मी कारलं सोडलं. कारलं मला जन्मात आवडलेलं नाही, पण त्याची चौकशी कुणी केली नाही. हिने सोडलं ते नावाड्याचं पद. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ऐकणार नाही म्हणाली.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, भोपळा सोडायचास. सोपं जातं."

"न आवडणारं सोडायला नेम कशाला लागतो, बाई?" ही म्हणाली आणि जाता जाता माझ्याकडे एक नजर टाकून गेली. कारल्याचं तिला माहीत होतं.

सगळा पावसाळा आमचं नाटक मधे भोक पडलेलं चाललं. तिसऱ्या अंकात राणी नदीवर आली की मी ती प्लेट बाजूला ठेवायचो आणि त्या जागी नुसतं सांगायचो. आता ती गातेय, आता तिचा आवाज पाण्यावरून पलीकडे जातोय, आता नावाड्याच्या हातातलं वल्हं थांबलंय. बाहेर पन्हळी गळत असायच्या. ही ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "पौर्णिमा कवा हाय?"

म्हणून त्या दुपारी माळवदावर मला जे दिसलं ते हिला कसं सांगायचं, हाच पहिला विचार आला. चकचकीत काळी प्लेट कडेने वर वळली होती. तिच्यात आमटी वाढली असती तर सांडली नसती.

गोधड्या उलटायला ही वर आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घोंगडीकडे. खाली बसून तिने प्लेट दोन्ही हातांत घेतली. हातातल्या लाखेच्या बांगड्या वाजल्या.

"माझी हाय का?"

मी मान डोलावली.

तिने प्लेट उन्हाकडे धरून पाहिली. मग प्लेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "लाखेची असनार ही. अहो, माझ्या बांगड्या मी कवा उन्हात ठिवते का? एवढी वर्सं बघताय."

प्लेट माझ्या हातात देऊन ती गोधड्या न उलटताच खाली गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिने मला गरम भाकरी वाढली, आणि ती मला जास्त लागली.

पुण्याला निघालेल्या एका व्यापाऱ्याजवळ निरोप दिला. तो परत येऊन म्हणाला की ती प्लेट आता दुकानात येत नाही. म्हणजे जे काय करायचं ते मलाच.

पण बांगडीचं ते बोलणं माझ्या डोक्यात घोळत राहिलं. लाख उन्हाने वळते तर उन्हानेच सरळ का होऊ नये? मी बैठकीतल्या दोन तसबिरींच्या काचा काढल्या. त्यातली एक माझ्या कैलासवासी वडिलांची.

"बापाला उघडा पाडलास!" आई म्हणाली. "धूळ बसली म्हणजे?"

"चार घटकांचं काम आहे, आई."

"ते आयुष्यभर तुझ्यासाठी उन्हात राबले. आता त्यांची काचही उन्हात?"

तरी मी दोन काचांमध्ये प्लेट ठेवली, वर दुकानातली वजनं मांडली आणि काय होतं ते बघत शेजारी छत्री धरून बसलो. छत्री माझ्यावर. प्लेट हळूहळू खाली बसली, एखादं रुसलेलं माणूस मुकाट्याने पानावर बसतं तशी. तशीच उचलून सावलीत नेली आणि गार होईपर्यंत हात लावला नाही.

दिसायला तर ती सपाट दिसत होती. पण गाते का? पौर्णिमा अजून आली नव्हती. घरात लावावी तर हिच्या कानावर जाईल आणि नेम मोडेल. दुकान घराखालीच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनो बैलगाडीत घातला, कर्णा मांडीवर घेतला आणि गावाबाहेर कुकडीच्या काठी गेलो. पेठेतून जाताना लोक विचारत होते, "शेठ, कुनाचं लगीन?" मी कर्ण्याआड तोंड लपवलं.

नदीवर धुकं होतं. पाणी संथ. पलीकडचा काठ दिसत नव्हता, नुसत्या बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी गाडीच्या साटीवर फोनो मांडला, चावी दिली, टाचणी टेकवली.

चर्र झालं. राणी आली.

पण ती सरळ चालत नव्हती. प्लेटीच्या कडेला लाट राहिली होती. टाचणीची मान नावेसारखी वर जायची, खाली यायची, आणि तिच्याबरोबर सूरही. मधेच आवाज भरून यायचा, मधेच घसरायचा, पुन्हा सावरायचा. माझी सगळी खटपट पाण्यात गेली. आणि तरी मी टाचणी उचलली नाही. समोर खरी नदी होती, खरं धुकं होतं, आणि त्या धुक्यात कुणीतरी पलीकडे ने म्हणून विनवत होतं. थोडा वेळ मला वाटलं की आता वल्ह्याचा आवाज येणार.

आला तो बैलांचा. आमचं एक शेतकरी गिऱ्हाईक औत घेऊन उतारातून अलीकडे आलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहिलं.

"राम राम शेठ. ह्यो काय परकार?"

"गाणं आहे."

त्याने कान दिला. "बाई आजारी हाय का वो?"

"बाई नाही. गडी आहे. बाईचं काम करतो."

"मंग गडी आजारी हाय." त्याने बैलांना थोपटलं. थोड्या वेळाने म्हणाला, "लई जीवाला लागतंय पर. आजून येकदा लावा की, राव."

मी पुन्हा लावली. तो जाईपर्यंत ऊन वर आलं, धुकं विरलं आणि पलीकडचा काठ अगदी जवळ, अगदी साधा निघाला.

घरी आलो तर ही दारातच उभी. "लागली का?"

"लागली. पण जरा..."

"नगा सांगू!" तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "नेम हाय माझा."

त्यानंतर पौर्णिमेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ही रोज थोडी थोडी उजळत होती. डोक्यावरून न्हाली, नवीन बांगड्या भरून घेतल्या. ओझरच्या गणपतीला निघालेल्या शेजारणीने बरोबर चल म्हटलं तर म्हणाली, मला वेळ न्हाई. मला मात्र तो आजारी गडी स्वप्नात यायचा.

पौर्णिमा आली. सकाळी तिने नेम सोडला आणि दुपारपासून तांदूळ घेऊन ओसरीवर बसली. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती. सांजेला सगळे जमले. मी पहिल्यापासून सुरुवात केली. राणी वनात गेली, वाघ आला, गेला. तिसरा अंक आला. तिच्याकडे न बघता मी टाचणी टेकवली.

चर्र. आणि ती हेलकावे खात येऊ लागली.

धाकटा पोरगा फिदीफिदी हसला, तर आईने त्याला चिमटा काढला. मी प्लेटीकडे बघत राहिलो. मान वर, मान खाली. चंद्र वर आला होता आणि प्लेटीच्या काळ्या अंगावर त्याची एक रेघ नुसती डुलत होती. तिच्याकडे बघता बघता मी नदीकाठी गेलो, धुक्यात गेलो, आणि माझी ती एकुलती एक कला विसरलो. टाचणी उचललीच नाही. राणी थांबली आणि नटाने आपलं नाव सांगितलं, तेसुद्धा कापऱ्या, दाटलेल्या आवाजात.

प्लेट थांबली. मी हळूच वळून पाहिलं. हिच्या चिमटीत तांदूळ तसाच होता आणि डोळे भरले होते. संपलं, मला वाटलं. एवढे दिवस वाट पाहून बिचारीला हे मिळालं.

"बिघडली ना?" मी म्हणालो.

तिने पदराने डोळे टिपले, चिमटीतला तांदूळ सुपात टाकला.

"आधी ती नुसती गात व्हती," ती म्हणाली. "आज रडली. नाव सांगताना सुदिक रडली." मग सूप उचलून उठता उठता माझ्याकडे वळली, "पन म्हनून बाकीच्या उन्हात घालू नगा. हसनारी बी येखादी ऱ्हाऊ द्या."