धोंडामावशीचं कालचं जेवण

महाळुंग्याच्या अकराव्या मजल्यावर दुपार झाली की धोंडामावशी डोळे मिटायची आणि थेट नांदे गावच्या खाचरात उतरायची. ते खाचर कधीच विकलं, तिथं आता गाड्या उभ्या राहतात. पण स्वप्नाला कोण सातबारा मागतो? तिथं भाताची लावणी चाललेली असायची. साळूबाई, रंभा, सगळ्याजणी चिखलाच्या पायांनीच बांधावर बसायच्या आणि भाकऱ्यांची फडकी सोडायच्या. कुरडूची भाजी, सुकटीची चटणी, निवलेला भात. आपल्या भाकरीवर दुसरीचं कालवण घ्यायचं, हा तिथला रिवाज. आपलंच खाणारीला साळूबाई सोडायची नाही. "काय गं, सासूनं मोजून दिलंय व्हय?" हसता हसता मावशीचं पोट भरायचं.

डोळे उघडले की समोर सुनेनं, रेश्मानं, झाकून ठेवलेलं ताट. रेश्मा आणि मुलगा अभय सकाळीच हिंजवडीला कंपनीत जायचे. पोरगी गुणाची, पहाटे उठून सासूसाठी वेगळी भाकरी थापायची. आणि मावशी? भिंतीकडं बघत दोन घास गिळायची, उरलेलं खालच्या कुत्र्याला घालायची आणि संध्याकाळी सांगायची, "जेवले की गं पोटभर." साखरेच्या आजाराची गोळी मात्र न चुकता घ्यायची. मग चक्कर यायची, तीही कुणाच्या कानावर घालायची नाही. हट्टी बाई, दुसरं काय!

खाणं आणि आजार यांचा अभ्यास चालला होता, त्यासाठी नम्रता नावाची मुलगी दर महिन्याला यायची. निरनिराळ्या मापांच्या वाट्या पुढं मांडून विचारायची, "मावशी, काल काय काय खाल्लं? यातल्या कुठल्या वाटीनं?" आता परक्या पोरीला कसं सांगायचं, की सुनेनं रांधलेलं कुत्र्यानं खाल्लं? घराची अब्रू जायची. मग मावशी स्वप्नातलं जेवण सांगायची, अगदी चवीनं. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटायचंही नाही. जेवली तर होतीच ना ती!

या खेपेला वजन करताना नम्रताचा चेहरा उतरला. "मावशी, आणखी घटलं." तिनं लॅपटॉप उघडून मावशीसमोर धरला. "हा एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. एकाच तऱ्हेचं खाणाऱ्यांचे गट पाडायचे, भाकरी-कडधान्यवाले इकडं, पाव-फरसाणवाले तिकडं. मग कुणाची तब्येत कशी, ते ताडून बघायचं. तुम्ही सांगता तसं खाणारे हे इथं, सगळे ठणठणीत. आणि तुम्ही त्या तिथं."

खाली कोपऱ्यात एक ठिपका होता, रांगोळी काढताना जोडायचा राहून गेलेला.

"ह्यो मी?"

"हो. एवढं खाऊन वजन घटत असेल, तर डॉक्टर आत काहीतरी मोठं दुखणं शोधत बसतील. पण तुम्ही जेवतच नसाल, तर ही गोळी रिकाम्या पोटी घात करेल. एक दिवस इथंच पडाल, घरात कुणी नसेल. खरं सांगा."

मावशीनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "समद्यांच्या लई लांब बसलाय गं," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. "सुनंचा दोष न्हाई, पोरी. ती बिचारी करून ठेवतीया. माज्याच्यानं एकटीला घास उतरत न्हाई. जल्मात कदी एकटी जेवले न्हाई मी."

नम्रताच्या फॉर्मात काय, किती, कधी, असे रकाने होते. कुणाबरोबर, हा नव्हता. तिनं लॅपटॉप मिटला आणि पिशवीतून आपला डबा काढला. पाहणीच्या घरी जेवायचं नाही, असा अभ्यासाचा कडक नियम. तरी तिनं मावशीच्या भाकरीवर आपली मटकीची उसळ वाढली आणि मावशीची भाजी आपल्या पोळीवर घेतली.

मावशी जेवली. बोटं चाटून जेवली, साळूबाईच्या गोष्टी सांगत जेवली.

"आता लिव की," ती म्हणाली. "ह्ये तरी खरं हाय."

नम्रता ओशाळली. "हे धरता येत नाही, मावशी. मी जेवायला बसले ना, म्हणजे हा तुमचा रोजचा दिवस राहिला नाही. असा दिवस वगळावा लागतो."

"वगळ बाई," मावशी म्हणाली. "जेवले न्हवते ते समदे दिवस धरलेस. जेवले त्यो तेवढा वगळ."

मग पदरानं तोंड पुसून, खरं काय ते सांगायला तिनं रेश्माला फोन लावला.