कमरेखालचा दुपट्टा

वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या मैदानावर मी मोबाईलमध्ये पाहून रोज सकाळी शंभर सिटअप्स मारायचो. पोट होतं तिथंच होतं, दुखायची मात्र मान आणि कंबर. थंडीत कानाला दुपट्टा गुंडाळून फेऱ्या मारणारे एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले की चाल मंद करायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. मला त्यांचा रागच यायचा.

एक दिवस ते थांबले. "मानेले काऊन ओढून राह्यला, बापू? पोट तं झोपलंच हाय तुयं."

त्यांनी कानाचा दुपट्टा सोडून माझ्या कमरेखाली सरकवला आणि त्याचं टोक हातात धरून शेजारी उकिडवे बसले. "आता दोन्ही पाय उचल. मंग एक एक हळू खाली ने. कंबर भुईले दाबून ठेव, मी ओढला तरी दुपट्टा माया हातात आला नाई पाह्यजे."

दुसऱ्याच वेळी तो सर्रकन निघाला.

मग हिवाळाभर तसंच चाललं. उघडे कान गार पडायचे, पण ते टोक सोडायचे नाहीत. शेवटी एकदा त्यांनी जोर लावूनही दुपट्टा हलला नाही. तेव्हा हसले, माती झटकून तो खांद्यावर टाकला. "झालं तुयं. आता मले फिरू दे."

पुढं त्यांच्या मुलाची बदली झाली, क्वार्टर सुटलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता मी चंद्रपूरच्या जिममध्ये जातो. मऊ मॅटवर कमरेखाली टॉवेल घेतो आणि त्याचं टोक उजवीकडे बाहेर काढून ठेवतो. ते त्याच बाजूला बसायचे.