रंभाबाईनं न सांगितलेलं गाव

नागपुरातल्या मिशनच्या दवाखान्यात रंभाबाई जखमा धुवायची, पट्ट्या बांधायची आणि बायाबापड्यांचं दुखणं परदेशी सिस्टरला समजावून सांगायची. ती घरच्या तुळशीला पाणी घालूनच कामाला यायची; सिस्टरनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. रंभाबाईचा एकुलता मुलगा देवराव भिवापूरकडे मालगुजार चंपतरावांच्या जमिनीवर मिरची पिकवत असे.

दवाखान्यात एका पाद्र्याचं चित्र टांगलेलं होतं. ओठांवर बोट ठेवलेलं.

"हा काहून चूप आहे?" रंभाबाईनं एकदा विचारलं.

सिस्टर आग्नेस त्याच्याच मुलखातली, युरोपातल्या बोहेमियाची. तिनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. सव्वापाचशे वर्षांपूर्वीचा हा यान. राणी त्याच्यापाशी मन मोकळं करायची. ती काय बोलते ते सांग म्हणून राजानं दरडावलं, यान बोलला नाही. राजानं त्याला पुलावरून नदीत फेकवलं. "आमचे लोक म्हणतात, पाण्यावर पाच तारे चमकले. आता आमच्याकडे पुलापुलांवर त्याची मूर्ती आहे."

"सांगतलं नाही, इतकंच ना?" रंभाबाई म्हणाली आणि पट्ट्या पिळायला लागली.

१९२४ च्या उन्हाळ्यात चंपतरावांची विधवा सून लतिका दवाखान्यात आली. पाठीवर सासरी दिलेले तापल्या चिमट्याचे डाग होते. तीन दिवस ती पालथी पडून राहिली. चौथ्या दिवशी सकाळी रंभाबाईनं तिला स्टेशनवर नेलं, दूरच्या गावच्या गाडीत बसवलं. तिथं लतिकेच्या शाळेतल्या बाई राहत होत्या.

"मावशी, मी कुठी गेली ते कोणाले सांगजो नोको."

"नाही सांगत वं."

आठवड्यानं चंपतराव स्वतः आले. "रंभाबाई, तुले तिच्यासंगं ठेसनावर लोकायनं पाह्यलं. सून कुठी आहे?"

"मले नाही सांगता येत, मालक."

"मालूम नाही असं तं तू म्हणत नाही. म्हणजे मालूम आहे." ते जवळ सरकले. "तुह्या लेकाचं वावर माह्या हातात आहे. पोळ्यापर्यंत सांग."

तेव्हापासून रंभाबाईच्या जिवाला थारा उरला नाही. चुलीवरचं पाणी उतू जाई, बांधलेली पट्टी ती पुन्हा सोडून बांधे. शेवटी ती देवरावकडे गेली. त्याच्या कानावर सगळं आधीच आलं होतं.

"ते पोरगी तुही कोण लागते, माय?"

"कोणी नाही."

"मंग?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परतीच्या वाटेला लागली. पोळा झाला आणि देवरावला जमिनीवरून काढलं. बायकोपोरांना घेऊन तो नागपुरात आला, कापसाच्या गिरणीत लागला. आईच्या दारात मात्र पाऊल ठेवलं नाही.

रंभाबाई सिस्टरपुढे उभी राहिली. "तुमच्या त्या संतानं आपला जीव देल्ला. म्या लेकाचं वावर देल्लं. त्याले इचारलंबी नाही. मंग हे काय झालं?"

सिस्टरनं हातातली पट्टी खाली ठेवली. "मला माहीत नाही, रंभा," ती म्हणाली.

सहा वर्षं गेली. मिशनच्या एका नर्सनं निरोप आणला की लतिका सुखरूप आहे, मुलींना शिवण शिकवते. त्याच वर्षी चंपतराव वारले. ती बातमी ऐकून देवराव पहिल्यांदा आईकडे आला. केसांत कापसाचे तंतू तसेच होते.

"म्हातारा मेला. आता तं सांग, कुठी पाठवली होती?"

रंभाबाई चुलीपुढून उठली. "जिती आहे गा ते."

"गाव कोणतं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. देवरावनं पायातल्या वहाणा काढल्या. मग भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "जिती आहे ना? मंग वाढ मले."

तिनं भाकरी वाढली. देवराव खाली मान घालून जेवला. त्याचं होईस्तोवर ती चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. तो दोनदा "बस ना, माय" म्हणाला, तरी तिला बसवेना.