बाबांचा रेडिओ आणि उरलेली हिरवी वायर

गेल्या रविवारी, इथे जळगाव जामोदला, आमच्याच बैठकीत मला करंट लागला. तसा रोज कुठून ना कुठून लागतच असतो म्हणा... पण हा खरा होता, विजेचा.

आधी थोडं मागचं सांगते. मी वरवट बकालकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने यायचं आणि आल्या आल्या ओट्यापाशी उभं राहायचं. नवरा ऑफिसात. घरी दिवसभर एकटे माझे सासरे, आमचे बाबा.

काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली आहे. त्यामुळे रेडिओ हाच त्यांचा पेपर, टीव्ही आणि चौकातल्या गप्पा. पण जुन्या ट्रान्झिस्टरवर अलीकडे नुसती खरखर यायची.

दिवाळीत दीर लंडनहून आले ते डिजिटल रेडिओवाली म्युझिक सिस्टिम घेऊनच. चकचकीत धातूचा डबा, दोन स्पीकर आणि जाडजूड माहितीपुस्तक. ते परत गेले, आणि जोडायचं काम कोणाच्या गळ्यात? बरोबर ओळखलंत...

स्कॅन केलं. एकही स्टेशन नाही. पुन्हा केलं... नाही. दीर फोनवर म्हणतात, "वहिनी, इथे तर ढीगभर लागतात!" अहो भाऊजी, तिथे लागतात! त्यांच्याकडचं ते डिजिटल प्रसारण आपल्याकडे नाहीच, हे कळेपर्यंत माझी अर्धी संध्याकाळ गेली होती.

शेवटी वाय-फायवरून इंटरनेट रेडिओ लावायचं ठरलं. त्याचा पासवर्ड एक गोल बटण फिरवत, एकेक अक्षर शोधून टाकायचा. कुकर शिट्ट्या मारतोय, पोळ्या व्हायच्यात, आणि मी आपली बटण फिरवतेय... एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून.

पण लागला! मराठी बातम्या घरभर खणखणल्या आणि बाबा चक्क हसले. खूप दिवसांनी हसले. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की पोळ्या करपल्या त्याचंही काही वाटलं नाही.

मग त्यांचा नेमच झाला. खुर्ची सिस्टिमला लावून बसायचं आणि डावा हात डब्यावर ठेवायचा. दिसत नाही, म्हणून बटण हाताखालीच हवं.

थोड्या दिवसांनी बघते तर बाबा सारखा तो हात चोळतायत. विचारलं तर म्हणाले, "काही नाही व माय, शुगरनं मुंग्या येतात." शुगर आहेच, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. सुट्टी टाकून दवाखाना केला. डॉक्टर म्हणाले, एकाच हाताला कशा काय? मग त्यांनी गोळ्या दिल्या, आम्ही घेऊन आलो.

आणि गेल्या रविवारी मी फरशी पुसून अनवाणी, ओल्या फडक्याने ती सिस्टिम पुसायला गेले. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात झटकला आणि पहिल्यांदा आठवला तो बाबांचा डावा हात...

रबरी चप्पल घातली, टेस्टर आणला, डब्याला टेकवला. दिवा लागला! बोर्डाचं बटण बंद केलं, प्लग काढला, उघडला. तिकडचा तीन पिनांचा प्लग आपल्या बोर्डात बसेना, म्हणून आमच्या साहेबांनी तो कापून दोन पिनांचा लावला होता. डब्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर दुमडून, वर छान टेप गुंडाळलेली.

"ते हिरवी वायर उरली होती, म्हून बांधून टाकली," नवरा म्हणाला. उरली! आठवीच्या पोरांना अर्थिंग शिकवणाऱ्या बाईच्या घरात हिरवी वायर उरते... लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! वर पुन्हा म्हणतो, "चालू तर राह्यला होता ना!" मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "रेडिओ काऊन बंद केला?"

मी सांगितलं. म्हटलं, बाबा, तुमच्या मुंग्या शुगरच्या नाहीत, या डब्याच्या आहेत. ते हळूच म्हणाले, "मले मालूम होतं."

मला आधी कळेचना. म्हटलं, "मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त तुम्ही बंद केला असता. दुरुस्तीले कोन नेते, कवा नेते... दिवसभर मंग या घरात बोलनारं कोन हाय मले?"

नवऱ्याने टेप सोडवून ती हिरवी वायर मोकळी केली. त्या डब्याने कधी जोरात झटका दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही.

सोमवारी वायरमन बोलावला. तीन पिनांचा प्लग लावला, घराचं अर्थिंग तपासलं. नळाजवळचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता, त्यात बादलीभर पाणी ओतलं. आता टेस्टरचा दिवा लागत नाही, मुंग्याही येत नाहीत. तुमच्याकडे बाहेरून आलेली अशी वस्तू असेल तर कृपा करून तिचा प्लग आजच बघा... आणि म्हातारं माणूस हात चोळत असेल तर दोनदा विचारा.

तेव्हापासून संध्याकाळी आले की ओट्याकडे न जाता आधी बाबांजवळ टेकते. दमलेलीच असते, खरं सांगते, बोलायचं त्राणही नसतं. काल तशीच डोळे मिटून बसले होते. बाबांनी चाचपडत बटण शोधलं, ऐन बातम्यांच्या वेळी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "हं, बोल आता. काय झालं आज शाळेत?"