घंगाळाखालचा फोन

बाळांनो, गेल्या रविवारी थोरलीनं विचारलेल्या प्रश्नाला मी फोनवर "हो, हलव" एवढंच उत्तर दिलं. तिला सहावा महिना लागला आहे, राउटर तिच्या पलंगाच्या उशाशी आहे, आणि त्याच्या लहरींचा बाळाला काही त्रास होईल का, अशी तिला शंका आली होती. धाकटा तिला हसला. हसू नकोस. हीच शंका थोरली स्वतः पोटात असताना आमच्या बारामतीच्या घरात निघाली होती, आणि त्या शंकेपायी जो घोटाळा झाला तो तुमच्या आईला अजून आठवतो. ती म्हणाली, आई, तूच लिही, मी सांगायला लागले की मध्येच हसू येतं. म्हणून लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. तुमचे आजोबा माळेगावच्या बाजूला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि मी बारामतीत कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. तुमची आई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. खरं तर आमच्याकडे सातव्यात आणायची पद्धत, पण ती पाचव्यातच आली, कारण डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. याआधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं. हे तिनं तुम्हाला मोठेपणी सांगितलं आहे, म्हणूनच इथं लिहिते. त्यामुळे घरात सगळे हळू बोलायचे, भांडीसुद्धा हळू ठेवायचे.

तुमचे बाबा तेव्हा मस्कतला नोकरीला होते. त्यांना सुट्टी शुक्रवारी असे. शुक्रवारी दुपारी ते तिथल्या फोनच्या बूथवर रांगेत उभे राहायचे आणि इकडे फोन लावायचे. तुमच्या आईचा सगळा आठवडा त्या फोनवर चालत असे. शनिवारी ती कालचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगायची, आणि बुधवारपासून पुढच्या बोलण्याची तयारी करायची. आमचा साधा फोन बाहेरच्या खोलीत होता. तिला उठून तिथवर जावं लागू नये म्हणून तुमच्या बाबांनी येणाऱ्या एका मित्राबरोबर एक कॉर्डलेस फोन पाठवला. एक ठोकळा, त्याला एरियल, आणि हातात धरायचा वेगळा रिसीव्हर. ठोकळा बाहेरच्या खोलीत टेबलावर, रिसीव्हर तुमच्या आईच्या उशाशी. तारेचं एकच टोक भिंतीतून येत होतं, त्यामुळे जुना फोन काढून मी कपाटात ठेवला. नव्या फोनची घंटा त्या ठोकळ्यात नव्हती, रिसीव्हरमध्ये होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता आत्याबाई. त्या तुमच्या आजोबांच्या आत्या, इंदापूरकडच्या. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती, त्या स्वतः कळपामागं हिंडलेल्या. पुढे शेती आली, मुलगे नोकरीला लागले, पण आत्याबाईंचं बोलणं मेंढरांवरून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथंच संपायचं. नातीचं कळल्यावर त्या एक पिशवी घेऊन एसटीनं भिगवणमार्गे आल्या आणि मला न विचारता तुमच्या आईच्या खोलीत अंथरूण घालून मोकळ्या झाल्या. तुमची आई त्यांना आज्जी म्हणायची. मला त्या सूनबाई म्हणायच्या, आणि मी काही शिकवायला लागले की मास्तरीणबाई.

फोनची पुस्तिका इंग्रजीत होती. मी ती सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचून मराठीत सांगत होते. आत्याबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. तारेशिवाय आवाज आत कसा येतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लहरी असतात, हवेतून येतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

"भिताडातनं जात्यात?"

"जातात."

"मग पोटातनं?"

तुमची आई उशीवरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, अगदी अशक्त लहरी असतात, काही होत नाही. आत्याबाई शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाल्या, "गिराण बी हाताला लागत न्हाय, सूनबाई. पर गाभणी बाई आपुन त्यात बाहेर सोडतो का?"

ग्रहणाचा दाखला आल्यावर वाद संपतो, हे मला त्या घरात आल्यापासून माहीत होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी फोनच्या ठोकळ्यावर तुळशीचं पान ठेवलं, ग्रहणात पाण्याच्या कळशीत टाकतात तसं. मी ते राहू दिलं. पानानं फोनचं काही बिघडत नव्हतं.

बिघडवलं ते तुमच्या आजोबांनी, आणि तेही गमतीत. गळीत हंगाम होता, कारखान्यातून ते दमून यायचे, आणि आत्याची थट्टा हा त्यांचा विसावा होता. आत्या काळजीत आहे हे बघून ते म्हणाले, अगं, धातूतून लहर जात नाही, दाखवतो तुला. त्यांनी ट्रान्झिस्टर लावला, पुणे केंद्रावर शेतकऱ्यांसाठी काही चाललं होतं, तो तसाच ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत ठेवला आणि झाकण लावलं. आतला माणूस बोलता बोलता खरखरत गप्प झाला. झाकण काढलं की पुन्हा बोलू लागला. आत्याबाईंनी ते तीनदा करायला लावलं. मग उठल्या आणि चुलीकडे गेल्या. आजोबांना वाटलं, आत्या प्रभावित झाली. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मला आंघोळीचं तांब्याचं घंगाळ सापडेना. तुमच्या आईच्या पाठीला शेक द्यायचं गरम पाणी त्यातच काढत असू. मी वस्तू जागच्या जागी ठेवणारी बाई, मला चैन पडेना. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घरातच हाय की. कुठं जातंय ते?" मी बादलीत पाणी काढलं आणि कॉलेजला गेले. दुपारी लवकर परत आले, कारण शुक्रवार होता.

तुमच्या आईनं केस विंचरून घेतले होते. फोनवर कोण बघणार होतं, पण शुक्रवारी ती केस विंचरायचीच. रिसीव्हर उशीवर, ती एका कुशीवर, आणि आत्याबाई पायाशी वात वळत बसलेल्या. फोन यायची वेळ झाली. फोन आला नाही. रांग मोठी असेल, मी म्हटलं. चहा झाला. बाहेर उसाच्या बैलगाड्या एकामागून एक गेल्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला, आणि फोन आला नाही. तुमच्या आईनं रिसीव्हर कानाला लावून पाहिला. नुसती खरखर होती. तिनं तो पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. जेवणार का विचारलं तर मान हलवली. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. मागच्या वेळी बाळ गेलं तेव्हा तुमच्या बाबांचा फोन असाच आला नव्हता, तिकडे लाइन बंद होती, आणि ते सगळं तिनं एकटीनं सोसलं होतं. तिला आता त्या दोन गोष्टी एकत्र दिसत होत्या. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, मन शांत ठेवा. मी तिच्या हातावर हात ठेवून बसले. दुसरा कुठला उपाय मला येत नव्हता.

ऊन उतरल्यावर शेजारच्या वहिनी धावतच आल्या. तुमच्या बाबांनी शेवटी त्यांच्याकडे फोन लावला होता. त्यांचं म्हणणं असं की दुपारपासून आमच्याकडे घंटा वाजते आहे आणि कोणी उचलत नाही, घरात सगळे दवाखान्यात गेलेत का, एवढं तरी सांगा. ते पुन्हा रांगेत उभे राहणार होते आणि पुन्हा आमच्याच नंबरावर लावणार होते.

घंटा वाजते आहे, मग आम्हाला का ऐकू येत नाही? मी बाहेरच्या खोलीत गेले. टेबलावर आमच्या टीव्हीवर असतो तसा क्रोशाचा रुमाल घातलेला होता. त्या काळी घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्रावर रुमाल घालायची रीत होती, म्हणून दिवसभरात कोणाची नजर तिथं अडली नाही. पण रुमालाखाली फोनपेक्षा बरंच मोठं काहीतरी होतं. रुमाल उचलला. खाली आमचं घंगाळ पालथं घातलेलं, दोन्ही कड्या दोन बाजूंना, आणि घंगाळाच्या बुडावर मधोमध तुळशीचं पान.

मी घंगाळ उचलून तसंच आत घेऊन गेले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं. वहिनी दारात उभ्या. मी म्हटलं, आत्याबाई, याच्यामुळे फोन लागत नव्हता.

त्या वात वळायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग थांबल्या का न्हाय लहरी?"

थांबल्या होत्या. ते नाकारता येत नव्हतं. पलंगावरून एक बारीक आवाज आला. मला वाटलं, आता रडतेय. तुमची आई हसत होती, पोटाला हात लावून, हळूहळू, डॉक्टरांनी हसतानाही सांभाळायला सांगितलं असावं तशी. मग तिनं आत्याबाईंचा हात ओढून जवळ घेतला आणि म्हणाली, "आज्जी, तू माझी राखण कर. पण त्यांचा फोन नको अडवूस. तो नाही आला तर मला श्वास घेता येत नाही."

आत्याबाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. त्या म्हणाल्या, "पोरी, मला कुठं ठावं, त्यातनंच त्यो बोलतोय म्हून. मला वाटलं, बोलनं तारंतनं येतंय, आन् लहरी आपल्या वरकड."

बोलणं तारेतून येतं आणि लहरी नुसत्या फुकट पसरतात, असं त्या समजल्या होत्या. मी पुस्तिकेचं प्रत्येक पान सांगितलं होतं, पण ही गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती सांगायला लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

तेवढ्यात रिसीव्हर वाजला. आम्ही तिघी खोलीबाहेर आलो, पण दार पूर्ण लावलं नाही. आतून तुमच्या आईचं पहिलं वाक्य ऐकू आलं, "अहो, घाबरू नका, तुम्हाला आज्जीनं घंगाळाखाली घातलं होतं."

त्या रात्री जेवताना निर्णय झाला, आणि तो आत्याबाईंनीच घेतला. त्यांनी मेंढरांची रीत सांगितली. गाभण मेंढीला कळपातून उचलून कोंडत नाहीत, ती खचते. तिला वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात ठेवतात, पण ज्या बाजूनं कुत्री फिरतात तिथून लांब. आजोबा म्हणाले, विज्ञानही तेच सांगतं, अंतर वाढलं की लहरीचा जोर झपाट्यानं उतरतो. त्यांनी टेलिफोन खात्याच्या लाइनमनला बोलावून तारेचं दुसरं टोक तुमच्या आईच्या खोलीत घेतलं. जुना फोन कपाटातून निघून तिच्या पलंगाशी आला, तारेचा, लहरींशिवायचा. कॉर्डलेस ठोकळा गेला चपलांच्या कपाटाजवळ, घराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तो बाकीच्यांनी वापरायचा ठरला. निजायच्या आधी तो बंद करायचं काम आत्याबाईंनी स्वतःकडे घेतलं. विजेच्या बटणाला त्या हात लावत नसत. लाटण्याच्या टोकानं बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "जा आता, निजा."

थोरले, तू त्या उन्हाळ्यात बारामतीलाच जन्मलीस, वेळेवर आणि भरल्या वजनाची. तुला सगळ्यांत आधी हातात घेतलं ते आत्याबाईंनी. मी त्या वेळी असं म्हटलं नाही की फोन लांब ठेवल्यामुळे तू सुखरूप आलीस, आणि आजही म्हणणार नाही. उशाशी फोन राहिला असता तरी तू बहुधा अशीच आली असतीस. पण यंत्र लांब ठेवायला आणि नको असेल तेव्हा बंद करायला काही खर्च पडत नाही, आणि आईला त्यानं शांत झोप लागत असेल तर ते करावं. तुझा राउटर दुसऱ्या खोलीत हलव. झोपताना बंद कर. त्याच्यावर काही झाकू मात्र नकोस, मग तुझ्या नवऱ्याचा फोन लागायचा नाही आणि तुला इकडे मला बघता यायचं नाही.

आत्याबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तुमचे आजोबाही गेले. कॉर्डलेस फोन केव्हाच भंगारात गेला. घंगाळ माझ्याकडे आहे, त्याची एक कडी सैल झाली आहे. माझा राउटर चपलांच्या कपाटाजवळ आहे, आणि निजायच्या आधी मी तो लाटण्याच्या टोकानं बंद करते.