रिलेतला खो

सांगलीच्या कॉलेजात मी रुजू झाले तेव्हा माझ्या ताब्यात एक कपाट आलं. कपाटात हवा गेलेले दोन व्हॉलीबॉल, तारा तुटलेली एक रॅकेट आणि आधीच्या कुणा सरांची शिट्टी. शिट्टी वाजत नव्हती. याला मुलींचा क्रीडा विभाग म्हणायचे आणि मी त्याची प्रमुख. विभागात मी एकटीच असल्यामुळं प्रमुख व्हायला काही अडचण आली नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. मी साताऱ्याची. साताऱ्याच्या बाईला कुणी हळू बोला म्हटलं, तर ती आधी ‘का म्हणून?’ असं मोठ्यानं विचारते. स्टाफरूममध्ये माझा आवाज जिन्यापर्यंत जायचा, असं नंतर मला सांगण्यात आलं. मैदानावर मात्र तोच उपयोगी पडला, कारण शिट्टीचं मी सांगितलंच.

आमचे प्राचार्य संस्कृत शिकवायचे. धोतर, कोट, काळी टोपी, आणि काहीही मागितलं की एकच उत्तर, ‘बघू.’ सकाळी मुलं यायच्या आधी मैदान आम्हाला द्या म्हटलं, बघू. लाल माती टाकून द्या म्हटलं, बघू. नवी शिट्टी? बघू. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात ही ‘बघू’ची फुंकर. शेवटी मी त्यांना म्हणाले, “सर, तुम्ही बघत राहा, मी सुरू करते.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि परत पुस्तकात मान घातली. होकार समजून मी दुसऱ्या दिवसापासून मैदान ताब्यात घेतलं.

मैदान मिळालं, पण पोरी कुठून आणायच्या? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नोटीस लावली तर तिच्यापुढून सगळ्या मान खाली घालून जायच्या. मग मला एक युक्ती सुचली. मी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन उभी राहायला लागले. तासगावची गाडी लागली की जी झुंबड उडायची, तिच्यात पदर खोचून, पुरुषांच्या बगलेखालून घुसून, खिडकीतून रुमाल टाकून जी पोरगी जागा धरायची, ती मला हवी होती. तासगावच्या गाडीत बसायला जागा मिळवणारी पोरगी जगाच्या पाठीवर कुठंही पळेल, हे माझं मत आजही कायम आहे.

एकीला मी गाडीच्या दारातच पकडलं. ती घाबरून म्हणाली, “आवं बाई, आमी काय केलं?”

“काही नाही केलंस, म्हणून तर आलेय. उद्या सकाळी मैदानावर ये.”

अशा गोळा केलेल्या पोरींना मी खो-खो शिकवला. शाळेत सगळ्याच थोडा खेळलेल्या होत्या, पण माझ्याकडं थोडं चालत नाही. खो-खोत पाठलाग करणारी धावत येऊन बसलेलीच्या पाठीवर हात मारते, ‘खो’ म्हणते आणि लगेच तिच्या जागी बसते. बसलेली उठून पळते. एवढाच खेळ, पण त्यात तीन गोष्टी मी पोरींच्या डोक्यात खिळे ठोकल्यासारख्या बसवल्या. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. खो मिळाला की मागं वळून बघायचं नाही. आणि हात आणि शब्द एकदम पडला पाहिजे. हात आधी, शब्द नंतर किंवा शब्द घशातच, तर फाऊल. सकाळभर माझं एकच चालायचं, “फाऊल! परत दे!” मैदानाला लागून हळदीचं गोदाम होतं. तिथली पोती हलली की पिवळी धूळ उडून आमच्यावर यायची आणि पोरी पोटऱ्यांपर्यंत पिवळ्या होऊन वर्गात जायच्या. मग मुलं विचारायची, लग्न कवा हाय? पोरीही काही कमी नव्हत्या. “तुज्या तेराव्याला,” असं एकीनं सांगितल्यावर ती चौकशी थांबली.

पुढचं संकट कपड्यांचं. विद्यापीठाच्या स्पर्धेत हाफ पँट लागायची. पोरींनी एका सुरात सांगितलं, न्हाई. त्यांतली सगळ्यात चिवट पोरगी इस्लामपूरकडच्या एका खेड्यातली, वडील फौजेत. वडील सुट्टीवर आलेत असं कळल्यावर मी एस.टी. पकडून तिच्या घरी गेले. उसाच्या फडातून वाट काढत पोचले, तर फौजी अंगणात दाढी करत बसलेले. मी घडाघडा सगळं सांगितलं. घरातल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. फौजींनी अर्धी दाढी तशीच ठेवून विचार केला.

“बाई, फौजेत सकाळी समदीच हाफ प्यांटवर पळत्यात. आमचा सायेबबी. मग माझ्या पोरीनं घातली तर काय आभाळ कोसळतंय?” मग त्यांनी पोरीला हाक मारली. “फकस्त एक ध्यानात ठेव. हुकूम मिळाल्याबिगर आपली जागा सोडायची न्हाई. काय बी हुंदे.”

“व्हय,” ती म्हणाली.

एकीच्या वडिलांनी हो म्हटल्यावर बाकीच्या घरांचे दरवाजे आपोआप किलकिले झाले. दिवाळीपर्यंत सकाळी मैदान भरायला लागलं. मला वाटलं, आता विभागाला मरण नाही. तेव्हाच प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

“बाई, संस्थेच्या मंडळाचं म्हणणं आहे, की मुलींना पळवून काय साधतं? यंदा विद्यापीठाच्या झोनल स्पर्धेत मुलींनी एक तरी ढाल आणावी. नाही आणली, तर विभाग बंद.”

“आणि मी?”

“तुमची नेमणूक विभागापुरती आहे,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा.

मला रात्री झोप लागेना, असं लिहायला हवं, पण मला झोप छान लागली. सकाळी उठल्यावर मात्र मी हिशेब मांडला. नोकरी गेली असती तर मी साताऱ्याला परत गेले असते, भावांनी ‘आम्ही सांगत होतो’ म्हटलं असतं, मी त्यांच्याशी भांडले असते. पण पोरींचं काय? त्या परत मान खाली घालून नोटिशीपुढून जायला लागणार, हे काही मला सहन होण्यासारखं नव्हतं.

खो-खोच्या ढालीवर माझी सगळी भिस्त होती आणि तिथंच माती खाल्ली. ऐन सामन्याच्या दिवशी दोघींच्या घरी पाहुणे आले, एक तापानं पडली, आणि उरलेल्यांना घेऊन आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो. आता राहिल्या मैदानी स्पर्धा, त्याही साताऱ्याला, म्हणजे माझ्या माहेरच्या माणसांसमोर. पण एकटीनं पळायला एकही पोरगी तयार होईना. “एकटीनं लोकांम्होरं पळायचं? लय लाज वाटती, बाई.” चौघींनी मिळून असलं तर चालेल म्हणाल्या. चौघींची एकच शर्यत असते, रिले. रिलेला ढालही होती. झालं, ठरलं.

रिलेला बॅटन लागतं. कपाटात ते असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून एकीनं घरून लाटणं आणलं. सरावात लाटणं इतकं सफाईनं या हातातून त्या हातात जायला लागलं की बघत राहावं. फक्त सकाळी नेलेलं लाटणं संध्याकाळी परत न गेल्यानं एका घरच्या चपात्या खोळंबल्या आणि तिच्या आईचा निरोप आला, की बाईंना म्हणावं जेवायलाही तुमच्याकडंच येतो. तिसऱ्या टप्प्याला मी फौजींची पोरगी ठेवली होती आणि शेवटी माधवनगरच्या गिरणी कामगाराची मुलगी, आमच्यातली सगळ्यात वेगवान. या दोघींची जोडी खो-खोतही शेजारीशेजारी बसायची.

साताऱ्याला जायला आम्ही पहाटेच्या एस.टी.ला उभ्या होतो, तर समोरून प्राचार्य. बगलेत छत्री. मंडळानं सांगितलं होतं, स्वतः जाऊन बघा. गाडी लागली, गर्दी उसळली आणि फौजींच्या पोरीनं खिडकीतून रुमाल टाकून प्राचार्यांसाठी जागा धरली. ते आत आले, रुमालाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि बसले. कराडला चहा पिताना म्हणाले, “चपळ आहे.”

दुपारी अजिंक्यताऱ्याखालच्या मैदानावर आमची शर्यत लागली. फक्कीनं पट्टे आखलेले, दोरीच्या पलीकडं माणसंच माणसं, त्यांत माझे दोन्ही भाऊ. पंचांनी बॅटन दिलं. चकचकीत, गुळगुळीत नळी. आमच्या पोरींनी ती हातात घेऊन एकमेकींकडं बघितलं. मी ओरडले, “लाटणंच आहे समजा!”

पहिली सुटली ती अशी, की माझा मीच हात चावला. दुसरीनं अंतर वाढवलं. तिसरी, फौजींची पोरगी, वळणावरून आली तेव्हा मागची कुणी तिच्या जवळपासही नव्हती. माधवनगरची पुढं, तिच्याकडं पाठ करून, हात मागं धरून उभी होती. ढाल मला दिसत होती. आणि मग त्या पोरीनं काय करावं? धावत आली, मोकळा हात फाडकन माधवनगरच्या पाठीवर मारला, खणखणीत आवाजात म्हणाली, “खो!” आणि बॅटन हातात घेऊन तिथंच, पट्ट्यात, टाचांवर बसली.

माधवनगरची सुटली. खो मिळाल्यावर मागं बघायचं नाही, तिनं बघितलं नाही. वाऱ्यासारखी पळाली, सगळ्यांच्या आधी दोर तोडला आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही रिकामे. पंचांनी लाल निशाण वर केलं.

हात आणि शब्द एकदम पडला होता. इतका सुंदर खो तिनं वर्षभरात दिला नव्हता.

अख्खं मैदान हसलं. माझे भाऊही हसले, ते मी अजून विसरलेले नाही. दिवसातली ती शेवटची शर्यत; बाकीचे संघ पोचले, पट्टे मोकळे झाले, पण आमची पोरगी उठेना. गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. मी दोरीपाशी जाऊन ओरडले, “ऊठ गं! झालं ते झालं!” तिनं मान हलवली. “न्हाई उठणार, बाई. माझ्यापायी समद्या बुडाल्या.” मी रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगायचं तर मला तिचा राग आलाच नव्हता. आता हिला मैदानावर पुन्हा कधी बघायला मिळणार नाही, या विचारानं मला हुंदका येत होता आणि मला हुंदका आला की मी ओरडते.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी दोरी वर उचलली. प्राचार्य. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, चपला दोरीबाहेर काढून ठेवल्या, धोतराचा सोगा खोचला आणि अनवाणी पट्ट्यात गेले. मला वाटलं, हे आता तिला दोन शब्द सुनावणार. ते तिच्या मागं गेले, नीट मागं, बाजूनं नाही, कमरेत वाकले आणि तिच्या पाठीवर हात मारून म्हणाले,

“खो.”

हात आणि शब्द एकदम पडला. असा खो एका दिवसात येत नाही. हा माणूस केव्हातरी, कुठल्यातरी लाल मातीत, पुष्कळ खेळलेला होता आणि मला वर्षभर नुसतं ‘बघू’ म्हणत होता.

पोरगी उठली. हुकूम मिळाला होता. उठली आणि बॅटन घेऊन पळत सुटली, राहिलेला शेवटचा टप्पा, एकटी, लोकांम्होरं. मघाशी हसलेलं मैदान आता टाळ्या वाजवायला लागलं. माधवनगरची शेवटच्या रेघेवर उभी होती. तिनं हात पुढं केला आणि बॅटन घेतलं.

मी इकडं वळून बघते, तर प्राचार्य पट्ट्यात बसलेले. खो देणाऱ्यानं उठलेलीच्या जागी बसायचं असतं, ते बसले होते. काळी टोपी, कोट, गुडघे वर, बरोबर टाचांवर. मी त्यांच्यापाशी गेले.

“मंडळाचं मी बघतो,” ते समोर बघतच म्हणाले. “विभाग राहील. पुढच्या वर्षी काठी द्यायला शिकवा. बाकी सगळं त्यांना येतं. आता मला उठवा, माझे गुडघे धरलेत.”

मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. मग माझ्या लक्षात आलं आणि मी त्यांच्या मागं जाऊन त्यांच्या पाठीवर हात मारला. पण शब्द घशातच राहिला.

प्राचार्य जागचे हलले नाहीत.

“फाऊल, बाई,” ते म्हणाले. “परत द्या.”