जपानचा रस्ता, अमेरिकेचा रस्ता

आमच्या धारवाडच्या घरमालकांपुढे एकाच वस्तूचे दोन नग ठेवले आणि ते दोन्ही सारखे आहेत असं त्यांनी कबूल केलं, असं या जगात कधी घडलेलं नाही. हुबळीच्या बाजारात त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं मिरजेकडचं. आयुष्यभर अंगठा आणि तर्जनीमध्ये कापड चोळून त्यांची ती दोन बोटं स्वतंत्र विचार करायला लागली होती. केळी घेताना ते साल चोळत, पेपर वाचण्याआधी कागद चोळत. मळमड्डीतल्या त्यांच्या घरामागची खोली मागायला मी गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाची बाही चोळली. "अळणावरच्या बाजारातला," म्हणाले, आणि लगेच विचारलं, "कॉलेजला जाणारा घरातला पहिलाच काय रे तू, तम्मा?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी होय म्हटल्यावर किल्ली हातात ठेवली. माझ्या पदवीत जेवढा वाटा प्राध्यापकांचा, तेवढाच त्या खोलीचा आणि अक्कांनी, म्हणजे मालकीणबाईंनी, खिडकीतून आत सरकवलेल्या भाकरीचा आहे.

शब्द देण्याच्या बाबतीत तर मालकांचा हात कोणी धरू शकत नसे. "रंग जाणार नाही" एवढं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी ते प्रत्येक नव्या मालाची चिंधी घरी आणून स्वतः धूत. अंगणातल्या दोरीवर लाल, हिरव्या, जांभळ्या चिंध्या बारा महिने वाळत असायच्या. एकदा एका पाहुण्यानं "आज कुठला उत्सव आहे?" असं विचारलं, तर मालक म्हणाले, "परीक्षा आहे. ती पिवळी नापास झाली."

त्यांचा एकुलता एक मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला होता. तिथं त्यानं मोटार घेतल्याचं कळवलं आणि अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. हा मुलगा हुबळीत स्कूटर शिकताना बैलगाडीत शिरला होता, तीही उभ्या बैलगाडीत. अक्का मालकांच्या मागे लागल्या, "तिकडचा रस्ता बरा आहे, एवढं तुम्ही एकदा सांगा. तुमच्या शब्दावर मी निर्धास्त होईन."

"न बघता कसं सांगू?" मालक म्हणाले. आणि गोष्ट तिथंच अडली. कारण बघायला जाणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि खोटं सांगणं मालकांच्या स्वभावातलं नव्हतं.

त्याच सुमाराला हुबळीत स्टेशनच्या रस्त्याला व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. त्यात मोटारींच्या शर्यतीचं एक मशीन होतं: बसायला खुर्ची, पुढे स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक, आणि पडद्यावर धावत अंगावर येणारा परदेशचा रस्ता. मालक चपला बाहेर काढून, स्टिअरिंगला नमस्कार करून त्या खुर्चीत बसले. धोतर आवरून. मागं पडद्यावरच्या इंग्रजी सूचना वाचायला मी. मागची गाडी जवळ आली की ते हात बाहेर काढून तिला पुढे जायला सांगत. शर्यतीत कोणी असं करत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"मालक, हा खेळ आहे. खरा रस्ता नव्हे."

"चिंधीसुद्धा खरं लुगडं नसतंय, तम्मा. पण रंग चिंधीवरच कळतोय की."

बऱ्याच दिवसांनी एकदा ते कुठंही न आपटता शेवटच्या कमानीपर्यंत पोचले. पेढे घेऊनच घरी आलो. अक्का दारातच उभ्या होत्या. पण मालक चपला काढता काढता थांबले. "रस्त्याकडेच्या पाट्यांवर इंग्रजी नव्हतं रे. काय होतं ते?"

"जपानी असावं," मी म्हणालो.

"मग माझा पोरगा जपानात आहे काय?" अक्का म्हणाल्या, आणि पेढे देवापुढे ठेवून आत गेल्या.

धारवाडात बसस्टँडमागे तसंच मशीन आहे, असं माझ्या वर्गातल्या मुलांकडून कळलं. गेलो. तीच लाल गाडी, तीच वळणं, तोच पूल. पण पाट्या इंग्रजी, आणि वेग किलोमीटरऐवजी मैलांत. मालकांनी पडद्याची काच दोन बोटांनी चोळली. "गिरणी एकच," ते म्हणाले, "काठ तेवढा अमेरिकेचा."

मग रोज संध्याकाळी हुबळीहून परतताना ते तिथं उतरत. वळणं पाठ होती, हात बसलेला होता, तरी पूल ओलांडायच्या आत पडदा काळा होई आणि दुकानदार कानडीत म्हणे, "मुगीतु, यजमान्रे." संपलं, मालक. जोरात नेली तर गाडी पुलाच्या कठड्यावर फुटे. सावकाश नेली तर वेळ संपे. एक दिवस मालकांनी पडद्यावरचा वेळेचा सुरुवातीचाच आकडा नीट पाहिला. हुबळीच्या मशीनपेक्षा तो कमी होता. ते ताडकन उठले.

"माप मारलास काय रे?"

"नाही हो यजमान्रे," दुकानदार कानाला हात लावत म्हणाला. "अमेरिकेचं मशीन असंच येतंय. रस्ता तोच, वेळ कमी."

त्या दिवशी आम्ही मळमड्डीपर्यंत चालत आलो. "तिकडं माणसाला वेळच कमी मिळतोय, तम्मा," मालक वाटेत म्हणाले. खेळाच्या कारखान्यातल्या कुणा माणसानं दोन देशांसाठी दोन आकडे का ठरवले असतील, ते मला आजही ठाऊक नाही. पण मालकांनी त्याचा जो अर्थ लावला, तो हसण्यावारी नेणं मला जमलं नाही.

दिवाळीत सकाळी शेजारच्या डॉक्टरांकडे मुलाचा फोन आला. एरवी मालक फोनवर हवापाणी आणि सुताचा भाव यापलीकडे जात नसत. अक्का त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मालकांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं विचारलं,

"तुला तिकडं वेळ पुरतोय काय रे?"

 खरखरीतून पोराचा आवाज आला, इतका स्पष्ट की मलाही ऐकू आला. "नाही पुरत, अप्पा. मी गाडी हळूच चालवतो. रोज उशीर होतो. साहेब बोलतो, बोलू दे म्हणतो."

मालकांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. "रस्ता मला काही पुरा करता आला नाही," ते अक्कांना म्हणाले. "हा रोज उशिरा पोचतोय म्हणे."

"पोचतो ना?" अक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि फोन आपल्याकडे ओढून घेतला. "मग होऊ दे की उशीर. अरे बाळा, जेवलास काय?"

ती दोघं अमेरिकेला कधी गेली नाहीत. मुलगा आला, पण नेहमी परतीचं तिकीट काढूनच. त्याच्या सुटीतल्या एका दुपारी मी भेटायला गेलो, तर बाप-लेक ओसरीवर शेजारी शेजारी बसून होते. मालकांची दोन बोटं मुलाच्या शर्टाची बाही हळूहळू चोळत होती. कापड कुठलं, हे मात्र या वेळी ते सांगत नव्हते.